हिरवीला काय अर्थ

आठ वाजता स्टोअरच्या खिडकीला रांग लागते.
ड्रिल, कटर, ग्राइंडर,
आणि वेटोळी घातलेल्या पिवळ्या वायरी.
मी एकेक वायर बोटांतून ओढून घेते
शेपटापासून तोंडापर्यंत,
केसांतली लीख शोधावी तशी.
मागून जालिंदर ओरडतो,
"मावशी, स्लॅब आज पडायचाय का दिवाळीत?"
पडेल. थांब.
इथे कव्हर सोललंय. इथे चिकटपट्टी गुंडाळलीय,
आणि चिकटपट्टीखाली काय आहे
ते गुंडाळणाऱ्यालाच ठाऊक.
ही नाही मिळायची. दुसरी घे.

आमची साइट नऱ्ह्यात, बायपासला लागून.
बायपासला लागून आहे
म्हणून सगळंच बायपास करायचं असं नसतं,
हे मी सुपरवायझर बेंद्रेंना ऐकवलं,
ते पॅनेल उघडून ईएलसीबी डायरेक्ट करायला निघाले तेव्हा.
"दिवसातून चारदा पडते हो, कामाचा खोळंबा."
पडू दे म्हटलं.
माणूस पडण्यापेक्षा ती पडलेली बरी.

संध्याकाळी बोर्ड परत येतात
तेव्हा सॉकेटच्या भोकांत काड्या सापडतात,
आगपेटीच्या, गूल जळून गेलेल्या.
प्लग तुटला की उघड्या तारा खुपसायच्या
आणि वरून काडी ठोकायची, पाचर म्हणून.
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मी त्या साठवते.
गेल्या महिन्यात एकोणतीस झाल्या.
एक उदबत्तीची होती,
तिला अजून मोगऱ्याचा वास येत होता.

तिसऱ्या पिनशी तर साऱ्यांचंच वैर.
दोन भोकांच्या बोर्डात बसत नाही,
मग पकडीने मुरगाळून टाकतात.
हिंगोलीकडून नवा आलेला परशराम विचारतो,
"मशीन दोन तारांवर पळते ना?
मग या हिरवीला काय अर्थ?"
अर्थच, रे बाबा. नावच तिचं अर्थिंग.
ती काही चालवत नाही, फिरवत नाही.
एका हाताने मशीनचं लोखंड धरून बसते,
दुसरा हात खड्ड्यात, कोळशामिठात,
आणि जे होऊ नये
त्याच्यासाठी दिवसभर जागी राहते.
त्या खड्ड्यात मी रोज बादलीभर पाणी ओतते.
"तुळस आहे का मावशींची?" बेंद्रे हसतात.
हसोत.

मंगळवारी सातव्या मजल्यावर
क्युरिंगचं पाणी घोट्याएवढं साचलेलं,
वायरीचा जॉइंट त्यात बुडालेला
आणि जालिंदर अनवाणी.
(बूट वाळत घातले होते म्हणे.)
त्याने कटरची कळ दाबली
आणि स्टोअरमागच्या पॅनेलमध्ये
टक्.
एवढंच.
माझ्या डोक्यावरचा पंखा हळू होत होत थांबला.
मी श्वास धरून वर बघत राहिले.
मग वरून शिव्या आल्या,
खणखणीत,
माझ्या, पॅनेलच्या, वीज मंडळाच्या नावाने,
सात मजले उतरून सरळ माझ्या खिडकीत.
इतकं बरं मला कुणाच्या बोलण्याने वाटलं नव्हतं.

रजिस्टरमध्ये लिहिलं:
वेळ अकरा वीस. इजा, नाही.
काम बंद, चौदा मिनिटं.
बेंद्रेंनी चौदाभोवती लाल गोल काढला.
'नाही'ला कुणी गोल काढत नाही.

बुधवारी जालिंदर रांगेत सगळ्यांत पुढे.
पायात बूट, अजून ओलेच.
एक शब्द न बोलता
वायर स्वतःच बोटांतून ओढू लागला,
इतकी सावकाश
की मागची पोरं खाकरायला लागली.
तिसऱ्या मीटरला थांबला.
"मावशी, इथं काहीतरी लागतंय हाताला. बघा की."
बघितलं. सिमेंटचा थेंब होता, वाळलेला.
नखाने खरवडला, फुंकर मारली,
आणि वायर त्याच्या खांद्यावर टाकली.