दुकानातला निळा दिवा

चिलीच्या पार दक्षिणेला, कोयाइके गावात, जुलैमध्ये
धूर वर जात नाही.
दारापाशीच रेंगाळतो,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखा.

एदुविना दुकानात शिरली
तेव्हा हवा गाळायच्या यंत्राचा दिवा निळा होता.
ती जवळ गेली. लाल झाला.
मागे सरली. निळा.
पुन्हा एक पाऊल. लाल, आणि आतला पंखा गुरगुरला
परक्या माणसावर कुत्रं गुरगुरावं तसा.

"बिघडलंय बहुतेक," विकणारा पोरगा ओशाळून म्हणाला.
"बिघडलं नाही रे. हा माझा कोट.
चाळीस हिवाळे शेगडीपाशी वाळतोय."

मग त्याने आकडे सांगितले:
खोली केवढी, जाळी किती महिन्यांनी बदलायची,
आणि हे दुसरं, जरा स्वस्त, ओलही शोषतं.
घरी निबाल्दो खोकत असेल,
ओल्या लाकडाची शेगडी अर्धी मिटून,
ढीग ऑगस्टपर्यंत पुरावा म्हणून.

तिने एकच विचारलं,
"रात्री आवाज किती?"
"अगदी बारीक. झोप छान लागते."
"झोपेचं नाही विचारलं.
मला त्याचा श्वास ऐकू यायला हवा."

पोराने रेडिओ बंद केला.
एकेक यंत्र लावत गेला.
दोघं कान देऊन उभी,
बाहेर कुणीतरी ट्रकमधून लाकडं उतरवत होतं
ते थांबेपर्यंत.

तिसऱ्यापाशी तिने पाकीट उघडलं.
नोटा बाहेर आल्या
आणि दिवा पुन्हा लाल.

"जाळ्या दोन दे," ती म्हणाली.