गाव खंयचो?

तोंडवळीच्या सुरूबनात जाळं लावायचं काम कुबलांचं.
चाळीस वर्षं बांगड्यामागे गेलेले हात
काळ्या धाग्याची ही पोकळी अलगद ताणतात.
"दिसाक नये," म्हणतात, "माशाक नाय नि पाखराकय नाय."

पहिला सापडला लालबुड्या बुलबुल.
मुठीत घेतला की कळतं :
पक्षी म्हणजे बरीचशी ऊब, वजन नावाला.
फुंकर मारून पंखाखालची पिसं दूर केली.
शीर. सुईचं टोक. एक थेंब काचेवर.
कापूस दाबून धरला, मग बोटं उघडली.
गेला. शिव्या घालत गेला.

दुपारी त्यांच्या पडवीत सूक्ष्मदर्शक.
पाखरांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं,
आपल्या नसतं, मी सांगितलं.
"म्हंजे आठळी असलेलो गरो."
आणि त्या आठळीला विळखा घालून
जांभळा, वाकडा, कुणीतरी.
कुबल डोळा न काढता म्हणाले,
"ह्येचो गाव खंयचो? कूळ खंयचां?"

मी हसले.
रात्री हिशेब मांडताना हसू गेलं;
माझा तीन वर्षांचा प्रबंध
पाण्याच्या तांब्याबरोबर विचारायच्या
या दोन प्रश्नांएवढाच होता.

सातभाई कुळाचं उत्तर देतात.
घाटमाथ्यावरच्या चुलत्यांच्या रक्तात जो, तोच यांच्या,
लग्नात देवक यावं तसा
पिढ्यांमागून मुकाट आलेला.
बुलबुल गावाचं देतो :
माडाखालच्या करवंट्या, आळ्यातलं पाणी,
आणि दयाळाला चावून
आडनाव न विचारता याच्याकडे येणारा डास.
तुतवाराचं रक्त मात्र कोरं.
खारा वारा, उघडी पुळण, डास टिकत नाही, असं मी लिहिलं.
मग खाली लिहिलं :
की ज्याच्या अंगात होता
तो इथवर पोचलाच नाही?

शेवटच्या दिवशी कुबलांनी बोट पुढे केलं.
"माझां बघ."
ट्रॉलरवर असताना तीनदा हिवताप,
एकदा तर घरच्यांनी आशा सोडलेली.
शंभर चौकटी पाहिल्या, मग आणखी शंभर.
काही नाही, म्हटलं. गेला.

ते जरा हिरमुसले.
"खंय गेलो?"

पडवीबाहेर सोडणांचा धूर,
धुरापलीकडे तो बारीक आवाज.
काचेवर मी तारीख घातली, नाव घातलं,
'स्थळ' लिहिलं.
पुढचा रकाना पक्ष्यांसाठी होता,
तो तसाच ठेवला.