बुधवारी घड्याळ म्हणतं, मी

केतकीनं पाटणकरांच्या बॅगेतून पाठवलेलं घड्याळ.
किल्ली नाही, काटे नाहीत,
सेल तेवढे कोपऱ्यावरच्या दुकानातले.
सोबत चिठ्ठी:
बाबा, याला लावायचं नसतं,
ते आपलं आपण लागतं.

हेमलता म्हणाली, आपलं आपण तर दहीही लागत नाही,
त्याला कालचं विरजण लागतं.

पत्रक चार भाषांत, आपली एकही नाही.
चित्रांवरून कळलं:
खिडकीत ठेवा, टीव्हीपासून लांब, लोखंडापासून दूर.
सातपूरच्या घरात लोखंडापासून दूर म्हणजे कुठे?
खिडकीला गज, गजाला जाळी,
कपाट लोखंडी, पलंग लोखंडी,
आणि गॅलरीत माझं जुनं व्हाइस,
मायको सर्कलजवळच्या कंपनीतून निवृत्त होताना
भंगाराच्या भावानं आणलेलं.

शेवटी गच्चीवर गेलो.
पाण्याच्या टाकीवर ठेवलं,
तोंड पांडवलेण्यांकडे, मग त्र्यंबककडे, मग गंगेकडे.
पडद्याच्या कोपऱ्यात इवलासा मनोरा,
डोक्यावर लहरींचे दोन कंस,
उघडमीट, उघडमीट.
वेळ: शून्य शून्य, शून्य चार.
म्हणजे सेल घातल्यापासूनची मिनिटं.
त्याच्या लेखी जग चार मिनिटांपूर्वी सुरू झालेलं.

खालच्या मजल्यावरचे बागूल वर आले,
देवळालीच्या तोफखान्यातले जुने वायरलेसवाले.
हातात घेतलं, कानाला लावलं
(काही ऐकू येत नाही हे त्यांनाही ठाऊक).
म्हणाले, हे फ्रँकफुर्टजवळच्या एका मनोऱ्याचं ऐकतं.
तो सेकंदासेकंदाला बोलतो,
पण दोन हजार किलोमीटरांत त्याचा आवाज बसतो.
आपण साडेसहा हजारांवर.
मग हे इथं काय करतंय?
ऐकतंय, म्हणाले बागूल,
आणि वाळत घातलेला त्यांचा टॉवेल घेऊन गेले.

पहिल्या पाळीच्या भोंग्यावर मी एकतीस वर्षं घड्याळ लावलं.
टूलरूममध्ये मायक्रॉनसाठी भांडायचो,
पण भोंगा कोण लावतो
हे एकदाही विचारलं नाही.

मग हातानंच लावायचं ठरलं.
हेमलता फोनकडे बघून मोजणार, मी बटण दाबणार.
अठ्ठावन्न, एकोणसाठ, दाबा!
दाबलं.
उशीर झाला, म्हणाली.
किती?
तुमच्या अंगठ्याएवढा.

तेव्हापासून ते माझ्या अंगठ्याएवढं मागे आहे.
दिवाळीपर्यंत अकरा सेकंद पुढे गेलं,
म्हणजे अंगठा फिटून वर व्याज.
पुन्हा लावलं नाही.

वार मात्र जर्मनच राहिले,
ते बदलायचं बटण मला सापडलं नाही.
दोनच अक्षरं.
सोमवारी मो, मंगळवारी डी,
आणि बुधवारी
मी.
बुधवारच्या बाजाराला पिशव्या काढताना
हेमलता त्याच्याकडे बघते: कोण येतंय बाजारात?
घड्याळ म्हणतं, मी.

रात्री दोनला उठतो, वयच तसं आहे.
बाथरूमला जाताना दिसतं,
त्या वेळी मनोरा परत उघडमीट करू लागलेला असतो.
सात मिनिटं ऐकतं. मग गप्प.
केतकीला सांगितलं तर म्हणाली,
बाबा, ते बंद करता येतं,
मागचं बारीक बटण पाच सेकंद दाबून धरा,
उगाच सेल खातं.

तिच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा.
भांडी घासल्याचा आवाज येत होता.
बरं, म्हटलं.
मागचं बटण शोधलं, सापडलं.
तीन सेकंद दाबून धरलं.

सेल महाग नाहीत.
चारचा जोड आणून ठेवलाय,
कपाटात, लोखंडी.