पक्कड

आधी वास घेते.
हसू नका, ओस्तवाल. जुनं रेक्झिन
पन्नास वर्षांनी आंबूस-गोड होतं,
आणि कालपरवा शिवलेलं
नव्या पावसाळी चपलेसारखं येतं नाकात.
ही गुंडाळी जुनी आहे. नाडी सुती,
टोक भाजून बंद केलेलं नाही.
सुताला कोण भाजेल!

सातपूरच्या या गाळ्यात दिवसभर गेज येतात,
हजारावा भाग इकडे की तिकडे,
एवढाच माझा धंदा.
तुम्ही आणलीत ती देवळाली कॅम्पातल्या
बंद बंगल्यातून उचललेल्या गाडीची हत्यारं.
लांब नाकाची, दोन दारांची, जपानी.
डिकीतल्या चटईखाली ही,
उंदरांना नावडलेली.

पाने बघू.
आठ-दहा. बारा-चौदा. सतरा एकटा.
तेरा नाही, हे बरं झालं.
तेरा निघाला असता तर म्हटलं असतं, हा जर्मन घरातला.
जपानी बोल्ट बाराला थांबतो
आणि थेट चौदावर उडी मारतो.

चकाकी बघू नका. चकाकतं ते मागाहून आलेलं.
कारखान्यानं गाडीबरोबर दिलेला पाना
राखेच्या रंगाचा असतो, कडेला साच्याची शिवण,
ती घासून काढायला तिथे कोणाला वेळ होता?
डोळे मिटा, बोट फिरवा.
अक्षरं कोरलेली नाहीत, उठलेली आहेत.
कोरलेलं खोटं करता येतं.
उठलेल्याला आधी साचा लागतो.

पेचकसाचा दांडा ओढा, उलटा घाला: फुली.
बरोबर.
प्लगच्या पान्यातलं रबर दगड झालंय.
तेही बरोबर.

आणि हा कप्पा. रिकामा.
रेक्झिनवर गंजाची सावली उमटलीय:
दोन पाय किंचित फाकलेले, वर चोच.
व्हर्नियर लावते. एकशे पासष्ट.
डाव्या पायाचं टोक चपटं.

काय असेल हो इथे, तुम्ही विचारता.

अठ्ठ्याहत्तर साली कॅम्पात फरेदून सेठच्या गाड्या बघायला
रंगनाथ निमसे नावाचा मेस्त्री सायकलवरून यायचा.
हे मी तुम्हाला सांगत नाही.
पंचवटीत त्याच्या घरी, म्हणजे आमच्या,
भिंतीतल्या खिळ्यावर एक पक्कड होती.
चावी तुटलेला नळ तिनंच उघडायचा.
अडकित्ता सापडला नाही की सुपारी तिनंच.
रंगपंचमीला रहाडीवरून लंगडत आलेल्या भावाच्या
टाचेतली काच तिनंच निघाली.
आणि आईनं बत्तीस वर्षं
आधणाची पातेली तिनंच उतरवली.
उठलेली अक्षरं आईच्या अंगठ्यानं पुसत आणली,
जवळजवळ.

सेठनं दिली होती,
की संध्याकाळच्या घाईत खिशात राहिली होती?
बाबा बोलले नाहीत. आम्ही विचारलं नाही.
ती कुठली हे ओळखायची नजर
तेव्हा घरात कोणाला नव्हती.
आता आहे.

चला, लिहून घ्या. खाली माझी सही येते, शिक्का येतो.
पाने तीन, अस्सल.
पेचकस, अस्सल. प्लगचा पाना, अस्सल.
पक्कड...
पेन झटकलं. शाई होती.
पक्कड गहाळ. ठावठिकाणा नाही.

वीस वर्षांत एवढं चुकीचं माप
मी कोणाला दिलं नव्हतं.

तुम्ही म्हणालात, हुबेहूब करून देणारा एक जण आहे,
बसवून टाकू?
नको, जरा मोठ्यानंच म्हटलं मी.
कप्पा राहू द्या तसाच.
पूर्ण झालेल्या संचाला लोक हात लावतात,
अपुऱ्याला नीट बघतात.
हे खरंच आहे, पण मी म्हणून म्हटलं नव्हतं.

रात्री डाळीचं पातेलं उतू चाललं
तेव्हा हात खिळ्याकडे आपोआप गेला.
रिव्हेटपाशी सैल झालीय आता.
डुगडुगते.
सोडत मात्र नाही.