डावा पुढचा

कवडी लंगडतेय हे मला आधी कानांनी कळलं.
तबेल्याच्या फरशीवरून येताना तिच्या टापा
एक, दोन, तीन, आणि चौथी
जरा अंग चोरून,
उसने पैसे मागायला आलेल्या माणसासारखी.

टेम्पोतून ऐरण उतरवत होतो.
रामसूरतला म्हटलं, परत पळव, सरळ.
डावा पुढचा टेकला की मान वर उडायची.
मान हो हो म्हणत होती
पाय नाही म्हणत होता.

खूर मांडीवर घेतला. गरम.
चिमटा टाचेच्या मधोमध दाबला
तशी तिने पाय हिसकला, आणि लगेच
माझ्या खांद्यावर नाक घासलं, माफी मागितल्यागत.

तो सोमवार. रविवारी फायनल.

डॉक्टरीणबाईंनी सुईने नस बधिर केली,
आणि वीस मिनिटं महालक्ष्मीच्या त्या वाळूत
कवडी अशी पळाली की ऋजुता टाळ्या पिटत सुटली.
रामसूरतही हसला.
दुखणं होतं तिथेच होतं,
फक्त फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला होता.
मग प्लेट आली: होडीच्या आकाराचं इवलं हाड,
काठाला वाळवी लागल्यासारखं.

देवस्थळीसाहेब वाईट माणूस नाही.
त्यांनी विचारलं, रविवारपुरतं एक इंजेक्शन?
बाई म्हणाल्या, नियमात बसत नाही. माझ्यातही.
मग किती विश्रांती? सहा महिने. नंतर चालेल, हिंडेल.
उड्या नाहीत.
सहा महिन्यांत पोरीचे पाय
रिकिबीच्या खाली लोंबायला लागतील,
तबेल्याचं भाडं, चारा, आणि पुढचं मोठं घोडं.
साहेब मनातल्या मनात बेरीज करत होते.
ओठ हलत होते.

रात्री बाबूलाल दलालाचा फोन.
कासमचाचा, जुहूला गिऱ्हाईक आहे,
चौपाटीवर पोरं फिरवायला. तो तुमचा जुना इलाज करा की.

इलाज असा:
चांगल्या पायाच्या नालाखाली हरभऱ्याएवढा खडा.
दोन्ही पाय सारखे दुखले
की लंगडणं दिसत नाही.
भायखळ्याला एकदा केलाय मी. अडीचशे रुपये मिळाले होते.
तांबडी घोडी होती. नीट चालत गेली गेटाबाहेर,
दोन्ही पायांनी सारखीच रडत.

गुरुवारी ऋजुता एकटी आली, शाळेच्या गणवेशात.
चाचा, तुमची असती तर?
मी सगळं सांगितलं. खडासुद्धा.
तेरा वर्षांच्या पोरीला सांगावं का, कोण जाणे.
ती पेंढ्यावर बसून राहिली. काड्या मोडत.
मग म्हणाली, नाल काढले तर तिला बरं वाटेल?
म्हटलं, नाल काढले तर रविवार गेला.
ती म्हणाली, ते नाही विचारलं मी.

संध्याकाळी साहेब आले, तोवर मी चिमटा हातात घेतला होता.
ते थांबा म्हणाले नाहीत. बघू, एवढंच म्हणाले.
वांगणीला कुणाची तरी वाडी आहे, गवत आहे, बघू.
खोगीर विकीन, ऋजुता म्हणाली.
माझंच आहे.
रामसूरत पाणी आणायला गेला होता,
म्हणून साहेबांनी दोर धरला, जन्मात पहिल्यांदा,
आणि चुकीच्या बाजूला उभे राहिले.
कवडीने चालवून घेतलं.

खिळे एकेक करून निघाले.
चौथा नाल बादलीत पडला तेव्हा
तिने अनवाणी पाय फरशीवर ठेवला, उचलला,
पुन्हा ठेवला.

साहेब म्हणाले, एक देता? दाराला लावतो, शकुनाचा.
बादलीत हात घातला. हाताला आला
तो नेमका डावा पुढचा.
पुढच्या टोकाला कागदासारखा झिजलेला,
टाचेकडे जाडच्या जाड.
म्हणजे कित्येक महिने ती टाच वाचवत
बोटावर चालत होती,
आणि दर सहा आठवड्यांनी
जुना नाल उपटून
मी न बघता बादलीत टाकत होतो.

दुसरा दिला त्यांना.
हा माझ्याकडे आहे.