पितळ थकतं

दार लावून घेते. पंखा बंद.
मोबाइल बाहेर, फ्रिजवर.
समई आज दुसऱ्या खोलीत गेली आहे
आणि आईला ते अजून पटलेलं नाही.

टेबलावर दारूचा एकच डबा.
बाकीचे कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात,
परवान्याची प्रत दाराच्या आतल्या अंगाला चिकटवलेली.
"दोन जातींची दारू एका टेबलावर आली," उस्ताद सांगायचे,
"की समज, एका चुलीवर दोन सासवा."

याकूब अत्तार, देवळाली कॅम्प,
एकोणतीस वर्षं तोफखान्यात आर्मरर.
पहिल्या दिवशी मी आगाऊपणे विचारलं,
तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे का काही?
त्यांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे पसरले.
मोज, म्हणाले.
दहा.

पुंगळ्या कालच धुऊन वाळवल्यात.
एकेक उचलते, उजेडात फिरवते,
मानेवर केसाएवढी रेघ दिसली
की पक्कडीत चेपून भंगाराच्या बरणीत.
हे मात्र उस्तादांना शिकवावं लागलं नाही.
तांबट लेनमध्ये जन्मले मी,
ठोक्यांच्या तालावर पाढे पाठ केले.
बाबा सांगतात, पितळ थकतं.
ठोकून ठोकून ताठ होतं, मग ऐकेनासं होतं,
त्याला धग द्यायची, निवू द्यायचं,
आणि तरी एक दिवस ते म्हणतंच, आता बास.
तो दिवस ज्याला ओळखता येतो तो तांबट.
बाकीचे नुसते ठोकतात.

ताजवा सराफ बाजारातून आणलेला, जुना.
कुणाकुणाच्या मंगळसूत्राची तूट त्यानं पाहिली असेल,
आता त्याच्या पारड्यात काळे बारीक दाणे.
श्वास बाजूला वळवून ओतायचं,
नाहीतर आपलाच उसासा वजनात धरला जातो.
माप छापील तक्त्यातलं, त्यातलंही सगळ्यात खालचं.
"अंदाजे" या शब्दाला
या खोलीत चप्पल काढूनही प्रवेश नाही.

सतरा. अठरा. एकोणीस.

लांब रेंजवर तोफ धडाडली.
तावदानं किणकिणली, पारडं थरथरलं,
आणि त्या थरथरीतून
परवा रात्रीचं माझं वाक्य वर आलं:
बाबा, तुमचे हात आता चालत नाहीत,
विकून टाका ना दुकान.
त्यांनी ताटातली भाकरी
चतकोर, मग नितकोर केली,
आणि खाल्ली नाही.

भानावर आले तेव्हा
हातात एक पुंगळी होती
आणि तिच्यात घातलं होतं की नव्हतं
की दोनदा घातलं होतं,
आठवेना.

टॉर्च मारून आत पाहिलं.
ठीक वाटत होतं.
"वाटतं?" उस्तादांचं बोट टेबलावर वाजलं,
या मे महिन्यात दोन वर्षं होतील त्यांना जाऊन,
तरी वाजलं.
दुप्पट भरलेली पुंगळी नेम चुकवत नाही, बेटी.
ती बंदूक फोडते, आणि बंदुकीला
तुझा गाल टेकलेला असतो.

रविवारी मॅच आहे.
चाळीस लागतील, वर सरावाला दहा.
हातातली एक टाकून दिली असती
आणि पुढे गेले असते, तर कुणाला कळणार होतं?
पण मन कधी उठून गेलं, विसाव्याला की तेराव्याला,
हे मला ठाऊक नव्हतं.
सगळ्या उपड्या केल्या.
दाणे डब्यात परत गेले
वाळूच्या घड्याळासारखे, कसलाही राग न धरता.

डबा बंद केला. कुलूप. किल्ली गळ्यात.
हात साबणानं दोनदा धुतले,
मग दार उघडलं.

बाबा बाहेर चिंच लावून घंगाळ घासत बसले होते.
विकायचं नाही ते, कुणाचं नाही,
नुसतं घासत होते.
किती झाली, त्यांनी विचारलं,
वर न बघता.

एकही नाही, मी म्हटलं.
सगळी परत ओतली.

मग त्यांनी वर पाहिलं.
घंगाळाच्या काठावर बोटाच्या पेरानं एक टिचकी मारली,
आवाज संपेपर्यंत ऐकला,
आणि मान हलवली.
ती घंगाळासाठी होती की माझ्यासाठी
ते विचारायला
मी त्यांच्याशेजारी खाली बसले,
चिंचेचा अर्धा गोळा उचलला
आणि विचारलं नाही.