तीन हजारांच्या आसपास

टाम्पेरेत, जुन्या सूतगिरणीच्या तळघरात
वेइक्को लाम्मिनेननं दोन्ही मॉनिटर
घोंगडीवर आडवे निजवले होते,
दुखणाईत जनावरं निजवावीत तसे.
"डावा खोकतो," म्हणाला, "उजवा नुसताच म्हातारा आहे."

मी मागचे सोळा स्क्रू काढले.
आत पिवळी पडलेली लोकर,
क्रॉसओव्हरच्या पाटीवर कुणाची तरी पेन्सिल :
मार्च ७४, घाई.
वूफरच्या कडेचा फोम बोट लागताच रव्यासारखा गळला.
ट्वीटरच्या फटीतलं तेल आटून डिंक झालेलं.
कपॅसिटर मोजला : चारच्या जागी सहा.
"सहा? कधीपासून?"
काय सांगणार. तो एका रात्रीत थोडाच बदलतो,
दर हिवाळ्यात केसभर.
जाड आणि बारीक आवाज जिथं सांधतात
तिथं, तीन हजारांच्या आसपास,
शिवण उसवली होती, आणि कुणाला कळलं नव्हतं.

डाव्यात नवे ड्रायव्हर बसवले,
तांब्याचं जाड वेटोळं, नवे कपॅसिटर,
एकेक डाख थंड होईपर्यंत फुंकर न घालता थांबले.
उजव्याचं सामान तुर्कूत अडकलेलं.
म्हणून एकच बाजू नवी.

त्यानं टेप लावली. तैमी रुओहोला, टँगो, एक्याऐंशी.
उजवीकडे नेहमीची तैमी.
डावीकडे प्रत्येक 'स'
बर्फावर स्केटची धार ओढावी तसा.
"तुझा डाख चुकलाय."
तपासला. चुकला नव्हता.
दुसरी टेप, दुसरा गायक, तीच धार.
तिसरी.
चौथी त्यानं लावलीच नाही.

"मला तिथं ऐकूच येत नव्हतं," तो म्हणाला,
"म्हणून मी हातानं भरत गेलो. थोडं थोडं. प्रत्येक गाण्यात."
नाचघरांतून, मोटारींतून, स्वयंपाकघरांतल्या रेडिओंतून
लोक त्यालाच टाम्पेरेचा आवाज म्हणत.
हेलसिंकीची पोरं महागडी यंत्रं घेऊन
तो आवाज शोधत बसली होती.
एका झिजल्या कपॅसिटरचा
उलटा ठसा.

मला हसू आलं होतं, पण तो बोलत होता.
"तैमी म्हणायची, रेकॉर्डवर माझा गळा विळीसारखा लागतो.
मी म्हणायचो, तुझा कान बिघडलाय.
त्र्याऐंशीनंतर ती आलीच नाही."

मग त्यानं टेबलावरची ती एक मूठ खाली घेतली,
एक खाच, दोन,
चार.
आणि डावीकडे एक बाई गाऊ लागली
जिला मी कधी ऐकलं नव्हतं,
त्यानं बहुधा एकदाच, काचेपलीकडून,
हेडफोन काढून ठेवलेले असताना.

जुना सहाचा कपॅसिटर त्यानं खिशात टाकला.
"उजवा उघडू?" मी विचारलं, "सामान आल्यावर?"
तो जिन्यापाशी पोचला होता,
फोन वरच्या मजल्यावर आहे.
"ती नऊला झोपते," म्हणाला.

साडेआठ वाजले होते.